पोळपाटावरचं म्हैसमाळ

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, याचा माझा अभ्यास दांडगा आहे. माणसं किती, पाहुणे किती येतात, मटण-मासे खाता का, पाणी बेतानं वापराल ना, आणि हे सगळं झालं की सहज आठवल्यासारखं आडनाव. छावणीजवळच्या त्या घराच्या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. गेटवर उभे राहून त्यांनी आमच्या तिघांच्या, म्हणजे आईच्या, माझ्या आणि धाकट्या भावाच्या, पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं?"

माणूस जरा सरकलेला दिसतोय, असं मला वाटलं. आई ठसक्यात म्हणाली, "कुणीच नाही. आम्ही सगळे भरभर चालतो." तेव्हा ते खरंही होतं. भाजीबाजारात आईच्या मागे आम्हाला पळावं लागायचं.

"आज नाय चालत हळू," मालक म्हणाले, "पण कधी ना कधी चालंल की कुणीतरी. तुम्ही खालच्या खोल्या घ्या. आम्हाला जिन्याची सवय हाय."

आम्ही खालच्या खोल्या घेतल्या. आई तिसऱ्या दिवशीच त्यांना भाऊ म्हणायला लागली, ते तिला अक्का म्हणायला लागले, आणि आपोआप ते आमचे मामा झाले, त्यांची बायको मामी. त्या घरात आम्ही आठ वर्षं काढली. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, गेटवर वॉचमन आहे. पण कुणी नवीन माणूस भेटला की अजून माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते.

मामा वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेले. उंच, वाळकी अंगकाठी, डोक्यावर बारा महिने मफलर. रिटायर झालेली माणसं बागकाम करतात, कुणी हार्मोनियम शिकतात, बरेचसे मोबाइलवर 'शुभ सकाळ' पाठवतात. मामा दुसऱ्यांच्या सहली आखायचे. गल्लीत कुणालाही रविवारी बायका-पोरांना घेऊन कुठंतरी जाऊन यायचं असलं, फार दूर नाही, फार खर्चात नाही, तर तो आधी मामांकडे यायचा. न येऊन सांगतो कुणाला? परस्पर निघालं तर मामा आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत.

त्यांचे काही नियम होते. सकाळी निघून दिवेलागणीच्या आत घरी. जेवण घरचं, पाणी घरचं, विकत घ्यायचा तो फक्त चहा. आणि एका दिवसात एकच गोष्ट बघायची. कुणी म्हणालं, "मामा, दौलताबाद, वेरूळ आणि म्हैसमाळ एकाच फेरीत होतं की," तर ते दुखावल्यासारखे बघायचे. "होतं. पण मंग सांजच्याला पोरगं इचारतं, हत्ती कुठं होता? आन् बापाला पण आठवत नाय."

पण या सगळ्यापेक्षा मोठा नियम वेगळाच होता. जिथं माणसं पाठवायची, तिथं आधी स्वतः जाऊन यायचं. एकट्यानं, एसटीनं नाहीतर काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून. त्याला ते 'वाट बघून येणं' म्हणायचे. हे त्यांच्या घराण्यातलंच होतं. मामांचे वडील, आजोबा मेंढ्या राखायचे. दिवाळीनंतर पाच-सात घरं आपली मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन एकत्र चालू लागायची. पण त्याआधी एक जाणता माणूस एक दिवस पुढं जायचा. गवत कुठं आहे, कोणती विहीरवाली बाई पाणी देते, कोणाच्या शेतात मेंढरं बसवायला परवानगी आहे, कुत्री कुठली वाईट आहेत, हे बघून तो परत यायचा. मगच बाकीचे निघायचे. मामांचा आजा हा असा पुढं जाणारा माणूस होता. "आज्यानं कधी एक कोकरू उन्हात बसू दिलं नाय," असं सांगताना मामांचा आवाज बदलायचा.

तेव्हा सहलीला जाणाऱ्यांची ते रीतसर चौकशी करत. हळू कोण चालतं, गाडीत ओकतं कोण, भूक लागली की चिडतं कोण, आणि कुणाला सारखं जावं लागतं. लोक आधी लाजत, मग खरं सांगत. कोपऱ्यावरच्या टेलरचं चौदा जणांचं कुटुंब दौलताबादला निघालं होतं, तेव्हा मामांनी सांगितलं होतं, "अकरा वाजेपर्यंत भिंतीच्या उजव्या अंगाला बसा. अकराला सावली सरकती, मंग लिंबाखाली जा. आन् चुलत्याला साडेदहालाच गूळ-शेंगदाणे द्या, म्हंजे अकराला तो कुणाला बोलणार नाय." टेलर नंतर कित्येक दिवस सांगत होता की बरोबर अकराला सावली सरकली आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच चुलता जेवणाआधी हसला.

एकदा माझा भाऊ म्हणाला, "मामा, हे सगळं मोबाइलच्या नकाशावर दिसतं आता."

"पायऱ्या दिसत्यात?"

"नाही."

"त्या हॉटेलवाल्याच्या बाकड्यावर आपला डबा उघडला तर तो खेकसतो का हसतो, हे दिसतं?"

भावानं मोबाइल खिशात घातला.

मामांचा नकाशा वेगळा होता. वाट बघून आले की ते थेट स्वयंपाकघरात जायचे आणि फरशीवर मामींची भांडी मांडायला लागायचे. तांब्या म्हणजे देवगिरीचा किल्ला. तुरीच्या डाळीची ओळ म्हणजे रस्ता. लसणाच्या पाकळ्या म्हणजे थांबायची ठिकाणं. आणि पोळपाट उपडं घातलं की म्हैसमाळचं पठार. सहलीला जाणारी मंडळी भोवती उकिडवी बसायची आणि मामा लाटण्यानं दाखवत जायचे. सहल होऊन लोक परत येईपर्यंत नकाशा मोडायचा नाही, असा त्यांचा हट्ट. दोन-दोन दिवस मामींना पोळपाट मिळायचं नाही. "आज पुन्हा भातच," असं मामी जिन्यातून ओरडल्या की आम्हाला कळायचं, कुणाची तरी सहल ठरली.

आणि यातली गंमत अशी की मामा स्वतः कुठल्याच सहलीला जायचे नाहीत. त्यांचं काम आदल्या दिवशीच संपलेलं असायचं. मग मामी तरी कशा जाणार? त्यांनी कधी म्हटलंच, की आपण पण जाऊ एकदा, तर मामा प्रामाणिकपणे चकित व्हायचे. "कशाला? मी बघून आलोय की."

आम्ही राहायला गेल्यावर चौथ्या वर्षी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता जन्मात उकिडवं बसायचं नाही. मामांनी आम्ही न विचारता खालच्या संडासात कमोड बसवून घेतला, भिंतीला धरायला नळीचा दांडा ठोकला. आई काठी घेऊन चालायला लागली. सगळं ठीक होत होतं.

मग गंगापूरला माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं. कार्यालयात सगळे संडास जुन्या पद्धतीचे. आईनं सकाळपासून पाणी पिणं टाळलं, जेवणही टाळलं, पण येताना जीपमध्ये तिला धरवलं नाही. गाडीत आठ नातेवाईक होते. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. त्या न बोलण्यानंच घात केला. घरी आल्यावर तिनं साडी स्वतः धुतली, मला हात लावू दिला नाही, आणि त्या दिवसापासून ती गेटच्या बाहेर पडली नाही.

दोन वर्षं. बहिणीचा फोन आला तर ती म्हणायची, गुडघे दुखतात. शेजारणी बोलवायला आल्या तर म्हणायची, डोकं दुखतंय. खरं कारण तिनं मलासुद्धा एकदाच, अंधारात, पाठ करून सांगितलं होतं. मी घडीची कमोडखुर्ची विकत आणली. ती म्हणाली, "गाडीला संडास बांधून फिरू का मी गावभर?" ती खुर्ची पलंगाखाली गेली. मला रडू यायचं, कारण जी बाई बाजारात माझ्या चार पावलं पुढं असायची ती आता स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर एवढ्याच येरझाऱ्या घालत होती, आणि मला काही करता येत नव्हतं.

मामांनी तिला कधीच "चला" म्हटलं नाही. एका सकाळी ते खाली आले आणि म्हणाले, "अक्का, एका जागी किती वेळ बसवतं तुम्हाला?"

"का?"

"नाय, इचारलं आपलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांची जुनी व्हॅन गेटला चिकटवून उभी केली आणि आईला म्हणाले की सीटची स्प्रिंग बदललीय, जरा बसून सांगा कशी वाटते. आई बसली. वीस मिनिटं बसली. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. गाडी जागची हलत नव्हती. गल्लीतून जाणारे-येणारे विचारायचे, "काकू, कुठं निघालात?" आणि आई आतून म्हणायची, "कुठं नाही, बसलेय." आठवड्याभरात ती गाडीत बसून वाटाणे सोलायला लागली. मामी खिडकीतून तिला चहा द्यायच्या.

मग मंगळवारी मामा मफलर गुंडाळून खुलताबादच्या एसटीत बसले. दिवाळी होऊन गेली होती, हवा छान होती. खुलताबादला उतरून ते म्हैसमाळच्या रस्त्यानं पायी निघाले आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक घराचं दार वाजवून एकच प्रश्न विचारत गेले. "तुमच्याकडं कमोड हाय का?"

पहिल्या घरातल्या माणसाला वाटलं, सरकारी अनुदानाची तपासणी आली. त्यानं घाबरून तीन कागद आणून दाखवले. दुसऱ्या घरात बाईनं दार लावून घेतलं. तिसऱ्या घरात विकायला आलेला समजून 'नको' म्हणाले. असं करत करत सातवं घर. पुढं मोठी चिंच, मागं आल्याचं हिरवंगार शेत, निळं दार, आणि अंगणात काठी घेऊन बसलेली एक म्हातारी. म्हातारीचाही खुबा मोडलेला होता. मामांना तिथल्या तिथं नाचावंसं वाटलं असणार.

त्यांनी संडास बघितला. बसून बघितला. पाणी सोडून बघितलं. मग अंगणात बाजेवर बसून घरच्या कर्त्या शेतकऱ्याची चौकशी केली. घरात माणसं किती? पाणी चोवीस तास असतं का? शेत किती, कुणाच्या वाटणीचं? एक मुलगी पाणी घेऊन आली, तिला विचारलं, काय शिकतेस? ती म्हणाली, नर्सिंग. "बरं हाय," मामा म्हणाले. शेतकऱ्यानं अदबीनं विचारलं, कोण कोण येणार? मामांनी सांगितलं, "आमच्या अक्का हायेत, गंगापूरकडच्या. त्यांची लेक शाळेत शिकवती. आन् मुलगा. वाळूजला कामाला हाय, सुपारीचं सुद्धा व्यसन नाय, गाडी तोच चालवतो." आडनाव विचारलं, तेही सांगितलं. उठताना म्हणाले, "रविवारी येतील. तुम्ही काय तजवीज करू नका. घर आवडलं मला."

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मामांनी मुद्दाम खाली आमच्या स्वयंपाकघरात नकाशा मांडला, उपड्या पोळपाटाच्या अलीकडे लसणाची एक पाकळी ठेवली आणि आईकडे न बघता म्हणाले, "अक्का, हितं चिंचेची सावली दिवसभर हाय. पायरी एकच, तीबी ठेंगणी. आन् तुमच्यासारखा कमोड हाय, दांड्यासकट." आईनं त्या पाकळीकडे बघितलं. मग म्हणाली, "धपाटे करावे लागतील." मी स्वयंपाकघरातून पळत बाहेर गेले, कारण माझे डोळे भरून आले होते.

रविवारी आम्ही तिघं मामांच्या व्हॅनमधून निघालो. आई पुढं बसली. घाटात तिनं काच खाली केली आणि डोंगर दिसायला लागल्यावर काहीतरी गुणगुणायला लागली. भावानं माझ्याकडे आरशातून बघितलं. त्याच्या अंगात गळ्याशी विरलेला टी-शर्ट होता, पायात रबरी चप्पल. सहलीला चाललो होतो आम्ही.

निळ्या दारासमोर गाडी थांबली तेव्हा मला वाटलं, घर चुकलं. अंगणात ताजा सडा, रांगोळी. चिंचेखाली सतरंजी, तिच्यावर पांढऱ्या टोप्या घातलेले सहा-सात पुरुष. ओसरीवर बायका. आम्हाला बघून सगळे उभे राहिले. कर्ता शेतकरी हात जोडून पुढं आला. "या, या. मामासाहेब नाय आले व्हय?"

"ते कधीच येत नाहीत," मी म्हणाले. त्यांनी ते समजूतदारपणे ऐकून घेतलं.

आईला घाई होती. म्हातारीनं ते एका नजरेत ओळखलं, तिचा हात धरला आणि दोघी दोन काठ्या टेकत आत गेल्या. आम्हा दोघांना सतरंजीवर मधोमध बसवण्यात आलं. एकानं भावाला विचारलं, "पगार हातात मिळतो का खात्यात?" दुसऱ्यानं विचारलं, "घर स्वतःचं का भाड्याचं?" भाऊ बिचारा उत्तरं देत होता. त्याला वाटत होतं, खेड्यातली माणसं मोकळी असतात. मग ओसरीवरून डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी पोह्यांच्या बशांचं ताट घेऊन आली, पहिली बशी भावापुढं धरली, आणि खाली मान घालून समोरच्या पाटावर बसली.

"विचारा की काय विचारायचं ते," तिचा चुलता म्हणाला.

भावाचा घास घशातच अडकला. त्याच्या पाठीवर थापा मारताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मंगळवारी मामा काय बोलून गेले असतील, ते मला शब्दन् शब्द ऐकू यायला लागलं. आपल्याकडे मुलगी बघायला येण्याआधी घरातला एक वडीलधारा माणूस असाच एकटा येतो, असंच घर बघतो, असंच पाणी पितो, असंच "बरं हाय" म्हणतो. मामांनी तंतोतंत तेच केलं होतं. हसावं की पळावं, मला कळेना. सगळं गाव गोळा झालं होतं, आता आम्ही काही सांगून उठलो तरी उद्या लोक एवढंच म्हणणार, बघायला आले आणि नाही म्हणून गेले. त्या पोरीचा काय दोष?

तेवढ्यात आई आणि म्हातारी बाहेर आल्या. आईचा चेहरा मी बघितला आणि ओळखलं की तिला आतच कळलंय. ती चिंचेखाली आली, सतरंजीवर बसली नाही, काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते की मी बोलते, तू राहू दे. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"दादा," ती कर्त्याला म्हणाली, "तुमची पोरगी लाखात एक आहे. पण आम्ही मुलगी बघायला नाही आलो. आमचा माणूस तुम्हाला ते सांगायला विसरला. माझा खुबा मोडलाय. मला खाली बसता येत नाही. दोन वर्षं झाली, मी याच भीतीनं घराच्या बाहेर पडले नाही. तुमच्याकडं कमोड आहे असं कळलं, म्हणून मी आलेय. तुमच्या घरी संडासला आलेय मी."

माझी आई बोलत होती. जे तिनं सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं, जे मला अंधारात पाठ करून सांगितलं होतं, ते ती भर दुपारी टोपीवाल्या परक्या पुरुषांच्या समोर खणखणीत आवाजात सांगत होती, एका अनोळखी पोरीच्या अंगावर नकार पडू नये म्हणून. मला तिचा इतका अभिमान वाटला, की लाजच वाटेनाशी झाली.

चिंचेवर कावळा ओरडला. मग म्हातारी हसायला लागली. आधी खिं खिं करत, मग पोट धरून. "अगं बाई, मला वाटलं घर बघतोय! मानूस आत गेला तो लवकर बाहीरच येईना. म्हणलं, एवढं काय बघतो संडासात?"

मग सगळेच हसले. कर्त्यानं कपाळावर हात मारला, चुलत्यानं टोपी काढून तोंड पुसलं. मुलीनं पदर खाली सोडला आणि एवढा मोठा श्वास टाकला, की तो ओसरीपर्यंत ऐकू गेला. "मावशी," ती आईला म्हणाली, "लई उपकार झाले बघा. माझी परीक्षा हाय पुढच्या महिन्यात. मी सकाळपासून देवाला म्हणत होते, नाय म्हणू दे."

"मी इतका वाईट आहे का?" माझा भाऊ म्हणाला, आणि हसण्याची दुसरी लाट आली.

आम्ही धपाटे काढले, त्यांनी पोहे वाढले, आणि कुणीतरी शेतातून आलं उपटून आणलं, त्याचा झणझणीत चहा झाला. दुपारभर आई आणि म्हातारी शेजारी-शेजारी बसून डॉक्टरांना नावं ठेवत होत्या. आई त्या दिवशी चार वेळा पाणी प्यायली. मी मोजलं. चारच्या सुमारास निघालो.

मामा गेटवर उभे होते. आम्ही हसत हसत सगळं सांगितलं. मामी जिन्यात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मामा मात्र हसले नाहीत. पायरीवर टेकले, मफलर काढला आणि हातात पिळत बसले. "मी पायरी बघितली," ते म्हणाले. "सावली बघितली. कमोड बघितला. माणसाला काय वाटंल, ते नाय बघितलं. आज्यानं ह्ये आधी बघितलं असतं."

"अहो भाऊ, सगळं चांगलंच झालं की," आई म्हणाली.

"तुमच्यामुळं झालं अक्का. माझ्यामुळं नाय."

दुसऱ्या दिवशी ते नारळ घेऊन एकटे त्या घरी गेले आणि माफी मागून आले. त्या लोकांनी पिशवीभर आलं दिलं. पण त्यानंतर मामांनी वाट बघणं सोडलं. गल्लीतली माणसं यायची, तर ते म्हणायचे, मोबाइलवर बघा, समदं दिसतं. मामींना पोळपाट रोज मिळायला लागलं. मामी म्हणाल्या, "आता मोकळेच आहात, तर आपणच जाऊ कुठंतरी." मामा म्हणाले, "न बघता? कुठं?" आणि मफलर गुंडाळून गॅलरीत बसून राहिले. ते बसणं मला ओळखीचं होतं. आईला तर फारच ओळखीचं असणार.

महिनाभरानं एका बुधवारी मी शाळेतून दुपारी घरी आले तर दाराला कुलूप. आई काही कुलूप लावणारी बाई राहिली नव्हती. वर गेले तर मामींनी किल्ली दिली. "अक्का बाहेर गेल्यात. नगर नाक्यावरनं काळी-पिवळीत बसून."

"एकटी?"

"मी म्हणलं, येते सोबत. म्हणाल्या, वाट बघायला एकटंच जायचं असतं."

चारला गेटवर रिक्षा थांबली. आई उतरली. पायांवर धूळ, केस विस्कटलेले, काठीला कुठलंसं गवत चिकटलेलं. माझ्याशी एक शब्द न बोलता ती जिन्याच्या एकेका पायरीवर थांबत वर गेली. त्या घरात राहायला आल्यापासून वर चढण्याची तिची ती दुसरी-तिसरीच वेळ असेल. मामा गॅलरीतून उठून आत आले. आई खाली बसू शकत नव्हती, म्हणून खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "तांब्या आण. तुरीची डाळ आण. पोळपाट दे."

मी फरशीवर मांडत गेले, ती काठीनं दाखवत गेली. "हा नगरचा रस्ता. हे वाळूज. हे कायगाव, आणि पोळपाटाच्या पलीकडं गोदावरी. घाटाच्या वरच्या अंगाला एक वड आहे, सावली तीनपर्यंत. चहावाला आपला डबा उघडू देतो, उलट कांदा देतो. पाण्यापर्यंत पायऱ्या खूप आहेत, पण बसून नदी दिसते तिथपर्यंत तीनच."

मामा उभेच होते. त्यांनी घसा खाकरला. "कुत्री?"

"दोन. म्हातारी आहेत."

"कमोड?"

"पाच घरं विचारली. पाचव्या घरी आहे. आणि भाऊ, आधीच सांगून टाकलं, आम्ही मुलगी बघायला येणार नाही. तरी पण विचारून घेतलं, घरात लग्नाचं कुणी आहे का. कुणी नाही. एक पोरगी आहे, ती दुसरीत आहे."

मामांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. महिन्यात पहिल्यांदा.

"आता तुम्ही सांगा," आई म्हणाली. काठी तिनं मांडीवर आडवी ठेवली. "तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं?"

मामा काही बोलायच्या आत मामी म्हणाल्या, "हेच. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, माझ्याबरोबर अजून निघतायत."

मामा मामींकडे बघत राहिले. एखादी वाट आपण रोज तुडवली आणि कधी बघितलीच नाही, हे कळल्यावर माणूस बघेल, तसे. मग ते खाली वाकले आणि डाळीची ओळ कायगावजवळ जरा वाकडी झाली होती, ती बोटानं सरळ केली.

"उद्या उजाडतानाच निघू," ते म्हणाले. "ऊन व्हायच्या आत पोचलं पाहिजे."

मामींनी गोदावरीच्या काठावरचं पोळपाट उचललं, पदरानं पुसलं आणि पुऱ्या लाटायला आत घेऊन गेल्या.